फोटोमागची कोरी जागा

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आजेसासूबाईंच्या ट्रंकेत एक घरच्यांचा फोटो सापडला. मागे शाईनं सन १९४८ आणि सगळ्या पुरुषांची नावं. बायकांची जागा कोरी! कडेला पांढऱ्या लुगड्यातली, कपाळावर कुंकू नसलेली बाई. ह्या कोण? घरात कुणालाच सांगता येईना.

शेवटी नव्वदी ओलांडलेल्या आत्येसासूबाईंना फोटो दाखवला. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "अगं, ही आमची आक्का! बालविधवा. हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात शिकून मास्तरीण झाली. तुझ्या सासऱ्यांची फी तिच्याच पगारातून जायची."

धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेला हा आश्रम मला पुस्तकातूनच माहीत. त्याचं देणं आमच्या घरावर आहे, हे कुणी बोललंच नव्हतं.

"पण आत्या, त्यांचं खरं नाव?"

त्या गप्प झाल्या. "आम्ही आक्काच म्हणायचो गं."

मैत्रिणींनो, सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. फोटोमागे बायकांचीही नावं लिहा, माहेरच्या नावासकट. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं; शाई पुढे उमटते.

मीही लिहिलं : आक्का, मास्तरीण. एवढंच हाती लागलं.