शरीर-वस्तुमान निर्देशांक व शरीरातील मेद

शरीर-वस्तुमान निर्देशांक व शरीरातील मेद : व्यक्तीचे वजन तिच्या उंचीच्या मानाने किती आहे, हे दर्शविणाऱ्या अंकास शरीर-वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) म्हणतात. किग्रॅ.मधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. उदा., उंची १·६० मी. व वजन ६४ किग्रॅ. असल्यास निर्देशांक २५ येतो. एकूण वजनात मेदाचा वाटा शेकडा किती, ही याहून वेगळी बाब होय. व्यवहारात पहिल्या अंकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला जातो. भारतीयांच्या बाबतीत हा अंदाज पुष्कळदा फसतो.

हे सूत्र वैद्यकातून आलेले नाही. बेल्जियन ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले (१७९६–१८७४) हे ‘सरासरी मनुष्या’ची लक्षणे शोधीत असता, प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. स्थूलतेचे निदान हा त्यांचा हेतू नव्हता. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अँसेल कीझ व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये लोकसमूहांच्या अभ्यासासाठी या गुणोत्तराचा पुरस्कार करून त्यास सध्याचे नाव दिले. वजनकाटा व उंचीची पट्टी एवढ्यावर काम भागत असल्याने ते पुढे दवाखान्यांतही रूढ झाले.

वजनकाट्यास मेद, स्नायू, अस्थी व पाणी यांतील भेद कळत नाही. अमेरिकन नौदलातील वैद्य अल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची तपासणी केली. वजनाच्या तत्कालीन निकषांनुसार त्यांतील १७ जण सैन्यासाठी अपात्र ठरत होते. परंतु त्यांची घनता पाहता वाढीव वजन मेदाचे नसून मुख्यतः स्नायूंचे होते. मेदाची घनता दर घ.सेंमी.स सु. ०·९ ग्रॅ., तर मेदरहित शरीराची सु. १·१ ग्रॅ. असते. त्यामुळे पाण्याखाली वजन घेऊन मेदाचे प्रमाण काढता येते. अलीकडे याच कामासाठी दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांचे उपकरण वापरतात. दंड, पाठ इ. ठिकाणच्या त्वचेच्या घडीची जाडी चिमट्याने मोजण्याची रीत स्वस्त आहे. मात्र तिला सरावलेला हात लागतो. घरगुती विद्युत् काटे शरीरातून सौम्य प्रवाह सोडून त्यास होणाऱ्या विरोधावरून मेदाचे अनुमान करतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण बदलताच हा आकडाही बदलतो; तेव्हा एका दिवसाच्या नोंदीस फारसे महत्त्व देऊ नये.

मेद सर्वस्वी अनिष्ट नाही. जीवनव्यापारांस आवश्यक असा मेद पुरुषांत सु. ३, तर स्त्रियांत सु. १२ टक्के मानतात.

पुण्याचे मधुमेहतज्ञ चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. मेद मात्र युडकिन यांच्या शरीरात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के भरला. या भेदाची मुळे जन्मापूर्वीच रुजतात, असे पुण्यानजीकच्या खेड्यांतील माता व अर्भके यांच्या पाहणीवरून दिसते. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. भारतीय अर्भकांत स्नायू व पोटातील अवयव यांची वाढ फार खुंटलेली, पण पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने पुष्कळ टिकून असल्याचे आढळले. अंगाने किरकोळ, तरीही मेदयुक्त अशी ही ठेवण आहे.

मेद कोठे साठतो, हेही महत्त्वाचे आहे. पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठलेला मेद इन्शुलिनाच्या कार्यास अवरोध करतो आणि त्यातून मधुमेह व हृद्रोग यांचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात २५ पासून अतिभार व ३० पासून स्थूलता धरली जात असली, तरी भारतीय तज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ अशा खाली आणल्या. वर उदाहरणादाखल घेतलेली व्यक्ती त्यांनुसार स्थूल ठरते. निर्देशांक २३ च्या आत असला, तरी कमरेचा घेर पाहावा लागतो. सर्वांत खालची बरगडी व कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर फीत धरून तो मोजतात. भारतीय पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. किंवा त्याहून अधिक घेर आढळल्यास रक्तातील ग्लुकोज, रक्तदाब व रक्तातील मेद यांची तपासणी करून घेणे इष्ट असते.