मूल एक, वह्या चार

मंडळी, एक पोर डोळ्यांपुढे आणा. वय दीड वर्ष. आईबाप जव्हारकडचे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की ते मीरा-भाईंदरला बांधकामावर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशी कुटुंबं दरसाल येतात. म्हणून ही पोर कल्पनेतली असली तरी खोटी नाही.

आता तिची नोंद कुठे कुठे आहे ते पाहा. वजन पाड्यावरच्या अंगणवाडीच्या वहीत. लशी आरोग्य उपकेंद्राच्या वहीत. घरचं धान्य रेशन दुकानाच्या वहीत. आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ शाळेच्या हजेरीपटावर. तिथे त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा, कारण आई कामावर गेली की बहिणीला तोच सांभाळतो. चारही ठिकाणची माणसं आपापलं काम करतात. तरी पोर वाळत जाते आणि ते पुरतं कोणालाच दिसत नाही.

खाडीकाठच्या आगरी माणसाला याचं कारण चटकन उमगेल. खारबांधाचा आपापला तुकडा ज्याने त्याने नीट राखला, पण दोन हद्दींमधलं खिंडार तसंच राहिलं, तर भरतीचं पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. शेत मात्र सगळ्यांचंच खारं होतं. म्हणून बांध राखायचा तर ‘माझा तुकडा’ म्हणून भागत नाही. ‘पाणी आत येऊ द्यायचं नाही’ हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. मुलांच्या बाबतीत अशा ठरवण्याला सामायिक उद्दिष्ट म्हणतात.

हा धडा आपल्या राज्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. जव्हार तालुका आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत तो मीरा-भाईंदरप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होता. १९९२ साली तिथल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने आणि आजाराने बालकं दगावली. त्यानंतर, १९९५ मध्ये, आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. तिचं मर्म साधं होतं. पावसाने वाट तुटण्याआधी धान्य पोचवणं, औषधं भरून ठेवणं, पिण्याचं पाणी शुद्ध राखणं, हाताला काम देणं, अंगणवाडी चालू ठेवणं ही कामं वेगवेगळ्या खात्यांची. पण त्यांचा मेळ जिल्हाधिकाऱ्यांनी घालायचा आणि सगळ्यांनी मिळून बालमृत्यू कमी करायचे.

पुढे २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. आरोग्य खातं आणि अंगणवाडी यांची सांगड घालणं हे त्याचं मुख्य काम. नंतरच्या टप्प्यात त्याने गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या १००० दिवसांवर भर दिला. परिणाम काय झाला? २००५-०६ मध्ये राज्यातली दोन वर्षांखालची सुमारे ३९ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय मिशनचंच असं नव्हे. आईचं शिक्षण, घरची मिळकत यांचाही त्यात वाटा आहे. आणि घडी एकदा बसली म्हणजे कायमची बसली, असंही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत खुजेपणाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के निघालं. उतार थांबला.

आता तुम्ही म्हणाल, हे सरकारचं झालं. आम्ही काय करावं? गावच्या विकास आराखड्यासाठी जे नऊ विषय सांगितले आहेत, त्यांत ‘बालस्नेही गाव’ हा एक आहे. त्याचा आधार घ्या. पण उद्दिष्टं दोन-तीनच धरा आणि ती मुलाविषयी असू द्या. ‘इतक्या बैठका घेतल्या’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘सहा महिने ते पाच वर्षांच्या एकाही मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत नाही’ हे उद्दिष्ट, कारण त्याखाली मूल तीव्र कुपोषित समजतात. ‘धाकटं भावंड सांभाळण्यासाठी कोणाची शाळा बुडत नाही’ हे दुसरं. मग महिन्यातून एकदा अंगणवाडी ताई, आशा ताई, गुरुजी, रेशन दुकानदार आणि सरपंच एका ओटीवर बसा. चारही वह्या शेजारी शेजारी उघडा. शहरात हेच प्रभागात करावं लागेल. तिथे दवाखाना महानगरपालिकेचा आणि अंगणवाडी राज्याच्या खात्याची, म्हणून खिंडार जास्त रुंद.

एक धोका मात्र ओळखून असा. वाईट आकडा सांगणाऱ्याला झापलं, की पुढच्या महिन्यात आकडा सुधारतो, मूल सुधारत नाही. ज्या ताईने ‘माझ्याकडे तीन मुलं खाली गेली’ असं सांगितलं, तिला आधी पाणी द्या, मग विचारा, ‘काय लागेल?’

आणि गुरुजी, बाई, तुम्हाला विशेष विनंती. सलग तीन दिवस एखादा मुलगा आला नाही, तर कारण विचारा. घरी धाकटी बहीण आहे असं कळलं, तर ते अंगणवाडीच्या कानावर घाला. कुटुंब कामासाठी बाहेर निघालं, तर वजनाची आणि लशींची नोंद लिहून आईच्या हाती द्या आणि जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत दाखवायला सांगा. जव्हारच्या वहीतून पुसलं गेलेलं नाव भाईंदरच्या वहीत चढलं, तरच ती पोर आपली राहील.