यंत्राची नक्कल आणि माणसाची समजूत

बेळगावच्या जुन्या मंडळींना लक्ष्मणराव किर्लोस्करांची ओळख करून देण्याचे कारण नाही. 1888 साली बेळगावात सायकलींच्या एका दुकानाने त्यांच्या उद्योगाचा आरंभ झाला. लक्ष्मणरावांनी तेव्हा वयाची विशीही गाठली नव्हती. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र काढले, मग लोखंडी नांगर घडविला. नांगर उत्तम होता. तरीही पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. कारण लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. त्यात नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. अशा वेळी औंधच्या अधिपतींनी दहा हजार रुपयांचे कर्ज व कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ देऊ केला आणि 1910 साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

ही सर्वश्रुत हकीकत आज पुन्हा सांगावयाची ती एवढ्यासाठी, की नांगर ओतावयास जितका काळ लागला नसेल तितका तो शेतकऱ्याच्या मनात उतरावयास लागला, या गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज गावोगावचे तरुण संगणक व मोबाइल यांच्या साहाय्याने समाजाचा एखादा प्रश्न सोडवू पाहतात. शेतकऱ्यास सल्ला, रुग्णास औषधाची आठवण, कारागिरास दूरचे गिऱ्हाईक, असे त्यांचे नाना उद्योग असतात. अशा तरुणांना साहाय्य करावे, हे आता सर्वांनाच मान्य आहे. परंतु साहाय्य नेमके कशास करावयाचे, याचा विचार मात्र पुरेसा होत नाही.

डिजिटल म्हणून जे काही आहे त्याचे सारे बळ एका गोष्टीत साठलेले आहे. शब्द, चित्र, आवाज यांचे एकदा अंकांत रूपांतर झाले, की त्यांची दुसरी प्रत काढावयास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. लोखंडी नांगर दुसरा हवा असेल, तर दुसऱ्यांदा लोखंड ओतावे लागते. संगणकाचा कार्यक्रम किंवा चित्रफीत दुसऱ्या गावास हवी असेल, तर ती क्षणार्धात पोहोचते. म्हणूनच एका खोलीत बसलेल्या चार तरुणांना लाखो लोकांच्या उपयोगी पडण्याची उमेद वाटते, आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. मात्र पहिल्या गावातील माणसाची समजूत पटविण्यास जो खर्च आला, तोच दुसऱ्या गावातही येतो, तिसऱ्यातही येतो. यंत्राची नक्कल फुकट होते. विश्वासाची होत नाही. अनेक चांगले प्रयत्न निष्फळ झाले ते याच ठिकाणी.

आपल्या परिसरातील वारणेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1998 साली केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार व वारणेचा सहकारी उद्योगसमूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी संगणकांची एक मोठी योजना आखली. गावातच संगणक केंद्र असावे, तेथे शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सारे जग शेतकऱ्याच्या दारी यावे, अशी ती भव्य कल्पना होती. काही वर्षांनी बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनशाळेतील अभ्यासक तेथे गेले, तेव्हा त्यांना आढळले की शेतकरी केंद्रावर येतो खरा, पण त्याला विचारावयाचे असते ते आपल्या उसाविषयी. लागणीची नोंद झाली काय? तोडणीची पाळी केव्हा येणार? काट्यावर वजन किती भरले? जगाची माहिती घेण्यासाठी फारसे कोणी येत नव्हते.

यावर एखादा पंडित म्हणेल की शेतकरी मागासलेला, त्याला काय त्याचे! मला तसे वाटत नाही. ज्याच्या वर्षाच्या कमाईचा आकडा काट्यावर ठरतो, त्याने तो आकडा आधी विचारला, यात शहाणपणाच आहे. त्या अभ्यासकांनीही तसेच मानले असावे; कारण त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने चाललेल्या त्या प्रयोगात संगणक जे जे करीत होता ते सर्व लघुसंदेशाने साधले, तेही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. मोबाइल शेतकऱ्याच्या खिशात होताच. मौज अशी, की नवीन यंत्र आणण्याऐवजी असलेले यंत्र काढून साधे साधन वापरणे, हीच येथील नवीनता होती. तरुण उद्योजकाने मुलाखतीत असे सांगितले तर त्याला पारितोषिक मिळेल की नाही, याची मला शंका वाटते.

याच संशोधनशाळेत 2006 साली रिकिन गांधी नावाचा एक तरुण आला. हा अमेरिकेत वाढलेला, विमानविद्या शिकलेला. अंतराळवीर व्हावे ही त्याची लहानपणापासूनची आकांक्षा. भारतात तो आला तो वनस्पतिजन्य इंधनाच्या एका उद्योगासाठी, आणि तो उद्योग काही चालला नाही. एरवी असा तरुण पुढल्या विमानाने परत जावयाचा. परंतु संशोधनशाळेत त्याला थारा मिळाला, आणि लगेच काही विकून दाखविण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर नव्हते.

त्याने हाती घेतलेला प्रश्न जुनाच होता. सुधारलेल्या शेतीचे ज्ञान गावात पोहोचविण्यासाठी सरकारचा शेतीविस्तार विभाग असतो. पण एका सेवकाकडे इतकी गावे असतात, की कित्येक शेतकऱ्यांना त्याचे दर्शन वर्षानुवर्षे घडत नाही. गांधी व त्याचे सहकारी यांनी कर्नाटकातील ग्रीन फाउंडेशन या संस्थेसमवेत एक पद्धत बसविली. साधा कॅमेरा घेऊन गावातल्याच शेतकऱ्याची चित्रफीत घ्यावयाची. तज्ज्ञाने भाषण करावयाचे नाही. शेतकऱ्याने आपल्या शेतात आपल्या बोलीत, हाताने काम करीत सांगावयाचे. जनावरांच्या खाद्यासाठी पाण्यावर वाढणारा अझोला कसा लावावा, यासारखे ते विषय असत. मग संध्याकाळी दहावीस माणसे जमवून दूरदर्शन संचावर ती चित्रफीत दाखवावयाची.

पण ती नुसती दाखवून भागत नाही, हे लवकरच ध्यानात आले. गावातीलच एक माणूस, थोड्या मानधनावर, संचाजवळ उभा राहतो. तो चित्र मध्येच थांबवितो, ‘हे आपल्याकडे जमेल का?’ असे विचारतो, शंका ऐकून घेतो, आणि पुढल्या आठवड्यात ज्याने करतो म्हटले होते त्याच्या दारी जाऊन पाहतो. प्रेक्षक पहिला प्रश्न कोणता विचारीत, तर हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा! सांगणारा आपल्यासारखाच आहे, आपल्याच भागातला आहे, एवढी खात्री पटली, म्हणजे कान उघडत. लक्ष्मणरावांच्या नांगरालाही असाच कोणी शेजारचा शेतकरी आधी मिळता, तर ती दोन वर्षे काही महिन्यांवर आली असती, असे मनात येते.

सोळा गावांत तेरा महिने या पद्धतीची परीक्षा झाली, आणि तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या विस्तारपद्धतीच्या तुलनेत सुचविलेले उपाय प्रत्यक्ष अंगीकारण्याचे प्रमाण सुमारे सातपट आढळले, आणि दर अंगीकारामागे येणारा खर्च पाहता ही पद्धत किमान दहापट किफायतशीर ठरली. त्यापूर्वी 2008 मध्येच ‘डिजिटल ग्रीन’ या नावाने तिची स्वतंत्र संस्था झाली होती. पुढे तिला गेट्स प्रतिष्ठानाचे अनुदान मिळाले. दूरदर्शन संचाच्या जागी विजेरीवर चालणारा, तळहातावर मावणारा प्रक्षेपक आला. बिहारसारख्या राज्यांत ग्रामीण जीवनोन्नतीच्या सरकारी योजनेतील महिला बचतगटांनी ही पद्धत उचलली, आणि ती इथिओपियापर्यंत गेली. गावातील त्या मानधनी माणसाचा भार एका तरुण संस्थेवर न राहता, आधीच गावात रुजलेल्या संघटनेने तो उचलला, म्हणून हे घडले.

या संशोधनशाळेत त्या वेळी गांधीचे मार्गदर्शक असलेले केंतारो तोयामा यांनी 2015 साली एक ग्रंथ लिहून आपला अनुभव मांडला. यंत्र माणसाची असलेली शक्ती व असलेला हेतू वाढविते, नसलेली निर्माण करीत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. ध्वनिवर्धकापुढे गाणारा असेल तर गाणे दूरवर ऐकू जाते, कोणीच नसेल तर नुसती खरखर, हे नभोवाणीच्या श्रोत्यांना निराळे समजावून सांगावयास नको.

आता पैशाकडे वळू. आपल्या देशात तरुण उद्योजकांस साहाय्याच्या योजना नाहीत, अशी तक्रार आज करता येणार नाही. 16 जानेवारी 2016 रोजी स्टार्टअप इंडिया ही योजना सुरू झाली. 2021 मध्ये तिच्याखाली 945 कोटी रुपयांचा बीजनिधी निघाला, आणि त्यातून कल्पनेची सिद्धता, नमुना व चाचणी यांसाठी एका उद्योगास वीस लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. कंपनी कायदा, 2013 मधील 135 व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून उद्योजक घडविणाऱ्या सरकारमान्य संगोपन केंद्रांनाही पैसा देता येतो.

याहून नवी आणि काहीशी विलक्षण वाटणारी सोय म्हणजे सामाजिक शेअरबाजार. 2019 च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली व 2022 मध्ये सेबीने नियम केले. ज्या संस्थेस नफा वाटावयाचा नाही ती तेथे ‘शून्य व्याज, शून्य मुद्दल’ असा रोखा काढू शकते. नावावरून कोडे पडेल, पण अर्थ सोपा आहे: पैसे घालणाऱ्यास व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही. मग देणगी व यात भेद तो कोणता? भेद हिशेबाचा. पैसा कशासाठी घेतला, किती मुदतीत काय साधावयाचे, हे आधी जाहीर करावे लागते, आणि काय साधले याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. डिसेंबर 2023 मध्ये बंगलोरच्या उन्नती फाउंडेशनने बेरोजगार तरुणांच्या व्यवसायशिक्षणासाठी असा पहिला रोखा काढला.

या सर्व योजना उपयुक्त आहेत. परंतु बारकाईने पाहिल्यास एक उणीव दिसते. सामाजिक शेअरबाजारात नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते; म्हणजे जो आज आरंभ करतो त्याला ते दार बंद. बीजनिधी नमुन्यासाठी आहे, आणि नमुना म्हणजे बहुधा यंत्र किंवा संगणकाचा कार्यक्रम. गावात संध्याकाळी चित्र थांबवून प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे मानधन कोणत्या खाती घालावयाचे? ते ना यंत्र, ना इमारत. अनुदान देणारे त्याला वरखर्च म्हणतात आणि त्यास कात्री लावतात. मग तरुण मंडळी स्वतःच गावोगाव हिंडतात. एक वर्ष उत्साहाने, दुसरे वर्ष कर्तव्य म्हणून. तिसऱ्या वर्षी घरून पत्र येते, किंवा शहरातील एखादी मोठी कंपनी चांगला पगार देऊ करते, आणि उद्योग मिटतो. कार्यक्रम मात्र संगणकात जसाच्या तसा शाबूत असतो.

येथे सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मराठी समाज जेथे जेथे पिढ्यान्‌पिढ्या वसला, तेथे तेथे त्याने सहकारी पतपेढ्या, शिक्षणसंस्था, वाचनालये, मंडळे उभी केली आहेत. या संस्थांजवळ कोट्यवधींचा निधी नसेल, पण तरुण उद्योजकास दुर्मीळ असणारे एक धन त्यांच्यापाशी आहे: लोक त्यांना ओळखतात. इंदूरच्या एखाद्या पतपेढीने वा बेळगावजवळच्या एखाद्या दूधसंस्थेने एखाद्या तरुणाचे साधन आपल्या सभासदांसाठी वर्षभर वापरून पाहिले, त्याचे रीतसर दाम दिले, आणि आपला एक कारकून आठवड्यातून दोन दिवस त्याच्या दिमतीस दिला, तर ते वीस लाखांच्या अनुदानाहून कमी मोलाचे नाही. पारितोषिक एकदाच मिळते. गिऱ्हाईक दर महिन्यास तक्रार घेऊन येते, आणि त्या तक्रारींतूनच वस्तू सुधारते.

असा करार करताना दोन अटी लेखी असाव्यात. वर्षाअखेर संस्थेने समाधानी नसल्यास मोकळे व्हावे, पण वर्षाच्या मध्ये नव्हे. आणि मानधनाची रक्कम यंत्राच्या रकमेपासून निराळी दाखवावी, म्हणजे काटकसरीच्या वेळी तिच्यावर पहिला घाव पडणार नाही. अंदाजपत्रकाच्या सभा मार्चअखेर होतात. प्रस्ताव फेब्रुवारीत गेलेला बरा.