मोड आलेल्या नाचणीची खीर

कोकणात व सह्याद्रीच्या डोंगराळ भागात पिकणारी नाचणी गरिबाचे धान्य समजली जाते. परंतु तिच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तितक्याच सडीक तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपासच भरते. मोड आणल्याने तिच्यातील लोह शरीरास अधिक मिळते. शिवाय अशा पिठाची खीर फार घट्ट होत नाही. त्यामुळे मुलाच्या लहानशा पोटात अधिक पीठ जाते.

नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी. सकाळी निथळून ओल्या, स्वच्छ फडक्यात बांधावी. एक-दोन दिवसांत मोड आल्यावर वाळवावी आणि मंद आचेवर भाजून दळावी. बुरशी आलेले धान्य टाकून द्यावे.

दोन मोठे चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सतत ढवळीत आठ-दहा मिनिटे शिजवावे. खाली उतरवून चवीपुरता गूळ घालावा व खीर कोमट झाल्यावर उकळलेले दूध मिसळावे. गूळ घालून दूध उकळल्यास ते फाटण्याचा संभव असतो.

सहा महिन्यांपर्यंत मुलास आईचेच दूध द्यावे. त्यानंतर तेवढ्यावर भागत नाही. स्तनपान चालू ठेवून ही खीर रोज ताजी करून द्यावी. दोन वर्षांच्या आतील मुलाचा वाटा गूळ घालण्यापूर्वीच बाजूस काढावा.