ऊसतोड स्थलांतर, दांपत्यजीवन आणि वृद्ध पालकांची शुश्रूषा : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय कुटुंबव्यवस्थेत दांपत्यधर्म आणि मातापित्यांची सेवा ही परस्परपूरक कर्तव्ये मानली जातात. परंतु उपजीविकेच्या स्वरूपामुळे एक कर्तव्य पाळताना दुसरे सुटत असेल, तर या गृहीतकाचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या संदर्भात हा प्रश्न प्रस्तुत लेखात मांडला आहे.

कोयता : श्रमाचे एकक
दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील अनेक कुटुंबे पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीस जातात. या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. एकट्या मजुराची गणना 'अर्धा कोयता' अशी होते. मुकादमाकडून मिळणारी उचलही सामान्यतः जोडीच्या हिशेबाने ठरते. परिणामी अंथरुणास खिळलेल्या सासूसाठी सून घरी राहिली, तर केवळ एका व्यक्तीची मजुरी बुडत नाही; कोयताच मोडतो आणि उचल फिटत नाही. तिच्या माहेरच्या वृद्ध आईवडिलांना तर या हिशेबात स्थानच नसते. उलट, गावी राहिलेल्या वृद्धांवरच बहुधा नातवंडांचा सांभाळ येऊन पडतो.

कायद्याचा आधार व मर्यादा
डॉ. विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विवाहित कन्येवरही पित्याच्या निर्वाहाचे दायित्व असल्याचा निर्णय दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने अन्न, वस्त्र, निवास व वैद्यकीय उपचार यांचा 'निर्वाह' या संज्ञेत समावेश केला. श्रावणबाळ योजनेचे अर्थसाहाय्य २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाले. तथापि या तरतुदींचा भर प्रामुख्याने पैशावर आहे. रात्री उठवून औषध देणारे माणूस त्यातून मिळत नाही. येथे मुलगा-सून कर्तव्यच्युत नसतात, ते अनुपस्थित असतात. हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

समारोप
स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली गेली आहे. त्याच धर्तीवर स्थलांतराच्या काळात वृद्धांसाठी गावातच शिजवलेले अन्न व आशा कार्यकर्तीची नियमित भेट यांची व्यवस्था होणे इष्ट आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे याच काळात होतात. कोणत्या घरात केवळ वृद्ध उरले आहेत, याची नोंद दत्तक गावापुरती तरी महाविद्यालयांना घेता येईल. विवाह आणि मातृपितृसेवा यांचा समतोल हा केवळ सुनेच्या त्यागाचा विषय नाही. मजुरीच्या पद्धतीत आणि सार्वजनिक व्यवस्थेतही त्याचे उत्तर शोधावे लागेल.