विनियरवर रंग एकसारखा कसा बसतो



सुतारकामाच्या वर्गात मी मुलांना पॉलिश शिकवतो. कपाट कितीही काटकोनात बसवले तरी मालक आधी रंगच पाहतो. दारावर डाग दिसले की नवी शीट आणावी लागते, आणि तिचे पैसे बहुधा कारागिराच्या मजुरीतून जातात. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधीचे काम मी जास्त दिवस शिकवतो.

विनियर म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा. जाडी अर्धा मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. अखंड सागाची फळी रंधा मारून पुन्हा कोरी करता येते. येथे डाग घासायला गेलात तर खालचा प्लाय उघडा पडतो.

लाकूड कुठे जास्त रंग पिते, कुठे कमी, म्हणून डाग पडतात. मोठा गुन्हेगार फेव्हिकॉल. कडेला सागाची पट्टी लावताना तो बाहेर येतो, मुलगा ओल्या फडक्याने पुसतो आणि त्याचा पातळ थर रेषांत पसरतो. वाळल्यावर तो दिसत नाही, पण तेथे रंग शिरत नाही. म्हणून आधी स्पिरिटचे फडके सगळीकडे फिरवायचे आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहायचे. जेथे फिकट ठसा दिसेल तेथे पात्याने हलकेच खरवडायचे. बाहेर आलेला फेव्हिकॉल पुसण्याऐवजी थोडा घट्ट होऊ देऊन पात्याने उचलणे केव्हाही चांगले.

मग पॉलिश पेपर: 180 नंबर, नंतर 220, ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेने. पेपर जितका बारीक तितका रंग कमी शोषला जातो, म्हणून सगळे दार एकाच नंबरवर संपवायचे. पट्टीचे आडवे कापलेले टोक मात्र फार रंग पिते. तेवढे 320 ने घासायचे.

साग त्यामानाने शहाणा. बीचसारख्या लाकडावर ढगाळ डाग पडतात. त्यावर रंगाआधी स्पिरिटमध्ये अगदी पातळ केलेल्या लाखेचा एक हात द्यायचा. मग लाकडाची तहान सगळीकडे सारखी होते. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते, आणि झारखंड-छत्तीसगडमधील अनेक आदिवासी कुटुंबे ती गोळा करतात. मात्र वरचा रंग स्पिरिटचा नको, तो लाख विरघळवतो. टर्पेंटाईनवर चालणारा घ्यावा.

रंग त्याच शीटच्या तुकड्यावर आधी पाहावा. डबा तळापासून ढवळावा. दोन डबे लागणार असतील तर आधीच एकत्र करावेत. फडक्याने सढळ लावून, वाळण्याआधी रेषांच्या दिशेने सगळा पुसावा. एक दार एका दमात. मध्ये चहाला उठले की जोड दिसतो.

तेलकट फडक्यांचा ढीग मात्र कधीही करू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती बाहेर दोरीवर सुटी वाळत घालतो.