हाताने चालणारे धुलाईयंत्र : त्याची रचना व कार्य

कपडे धुणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की तीत यंत्रशास्त्राचा काही प्रश्न दडलेला असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वस्त्र भिजवावे, साबण लावावा, चोळावे, आपटावे, पिळावे आणि वाळत घालावे. यात शोध लावण्यासारखे काय आहे, असे वाटते. परंतु हेच काम हाताऐवजी चाकांकडून करवून घ्यावयाचे असे ठरताच अडचणींना प्रारंभ होतो. वीज घरोघर पोचण्यापूर्वी युरोप व अमेरिकेतील कारागिरांनी या अडचणी सोडविण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक काळ खटपट केली. त्या खटपटीतून निर्माण झालेले लाकडी धुलाईयंत्र आज वस्तुसंग्रहालयातच पाहावयास मिळते. मात्र त्याच्या रचनेतील मुख्य कल्पना समजली, तर आजची यंत्रे पाहतानाही तिचा उपयोग होतो.

प्रथम मळ कसा निघतो ते पाहू. कापडावरील मळ म्हणजे बहुतांशी तेलकट पदार्थ व त्यात अडकलेले धुळीचे सूक्ष्म कण होत. साबणाचे पाणी तेलकट थराखाली शिरते आणि त्याची तंतूंवरील पकड सैल करते. पाणी उष्ण असल्यास हे कार्य अधिक त्वरेने होते. परंतु सैल झालेला मळ आपण होऊन बाहेर पडत नाही. विणीच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेले पाणी जवळजवळ स्थिर असते; भोवतालचे पाणी कितीही खळबळले तरी त्या छिद्रांतील पाणी बदलेलच असे नाही. ते बदलण्यासाठी कापड दाबले गेले पाहिजे, पुन्हा मोकळे सुटले पाहिजे, आणि असे वारंवार घडले पाहिजे. भिजलेला स्पंज दाबून सोडला म्हणजे जे घडते तेच येथे घडते. दगडावर आपटणे, लाकडी मोगरीने बडवणे, तळव्यांमध्ये चोळणे, या साऱ्या रीती या एकाच हेतूच्या निरनिराळ्या वाटा आहेत.

इंग्लंडमध्ये घरातल्या घरात कपडे धुण्यासाठी उंच लाकडी पीप वापरीत. त्यात साबणाचे उष्ण पाणी व कपडे घालून एका लांब दांड्याने ते ढवळीत. या दांड्याच्या खालच्या टोकास तिपाईसारखी एक लाकडी तबकडी असे व तिला आखूड पाय असत. वरच्या आडव्या मुठीस दोन्ही हातांनी धरून दांडा अर्धा वळसा उजवीकडे व अर्धा वळसा डावीकडे असा फिरवावयाचा, ही त्याची रीत होती. त्या देशात या साधनाला डॉली म्हणत. येथे त्यास ‘ढवळणी’ असे म्हटले आहे. ढवळणीचे पाय कपड्यांत शिरून त्यांना ओढीत, घडी पाडीत, दाबीत आणि सोडून देत. उपाय उत्तम होता. पण पाणी पिऊन जड झालेले कपडे दांड्याने अर्धा तास घुसळणे म्हणजे खांदे, मनगटे व पाठ यांची परीक्षाच होती, आणि ती बहुधा घरातील स्त्रियांना वा मोलकरणींना द्यावी लागे.

ढवळणी व पीप यांना एका झाकणाने जोडणे ही यंत्राकडे जाणारी पहिली पायरी होय. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या जानेवारी १७५२ च्या अंकात अशा एका यंत्राचे चित्र छापले गेले. पुढे १७६७ मध्ये जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्टियान शेफर यांनी आपल्या धुलाईयंत्राची रचना प्रसिद्ध केली. शेफर हे धर्मोपदेशक आणि निसर्गाचे अभ्यासक होते. कागदासाठी चिंध्या अपुऱ्या पडत असल्याने नाना प्रकारच्या वनस्पतींपासून, इतकेच नव्हे तर गांधीलमाश्यांच्या पोळ्यांपासूनही, कागद करून पाहणारा हा जिज्ञासू गृहस्थ कपडे धुण्याच्या प्रश्नाकडे वळला यात नवल नाही.

झाकणाचा लाभ क्षुल्लक वाटला तरी तसा नाही. त्यामुळे पाण्याची उष्णता टिकते, उकळते थेंब अंगावर उडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ढवळणीच्या दांड्यास एक पक्के भोक मिळते. मोकळा दांडा हातात डुलतो, आणि तो सरळ ठेवण्यातच बरीच शक्ती खर्च होते. भोकात बसविलेला दांडा आपल्या आसाभोवतीच फिरतो. सर्व श्रम फिरविण्याच्या कामीच लागतात.

पिपाची रचनाही विचारपूर्वक केलेली असे. ते लाकडी फळ्या उभ्या जोडून व बाहेरून धातूच्या कड्या आवळून बनवीत. लाकूड भिजले की फुगते आणि फळ्यांमधील फटी आपोआप बुजतात. उलट यंत्र दीर्घकाळ कोरडे राहिले तर फळ्या आकसून गळती लागते. म्हणून पिपाच्या तळाशी थोडे पाणी ठेवणे हिताचे असे. पिपाची आतील बाजू गुळगुळीत न ठेवता तीवर उभ्या पन्हळी वा पट्ट्या ठेवीत. या पट्ट्यांमुळे कपड्यांना घासणारा पृष्ठभाग मिळतो. शिवाय त्या आणखी एक कार्य करतात, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे.

समजा, ढवळणी एकाच दिशेने सतत फिरत राहिली. प्रारंभी ती कपड्यांना ओढील. परंतु लवकरच पाणीही त्याच दिशेने फिरू लागेल, पाण्याबरोबर कपडेही फिरतील, आणि ढवळणी, कपडे व पाणी ही तिन्ही एकाच वेगाने गरगरू लागतील. बाहेरून पाहणाऱ्यास यंत्र जोरात चालले आहे असे दिसेल. प्रत्यक्षात कपडा व पाणी यांच्या वेगांत फारसा फरक न उरल्यामुळे धुण्याचे कार्य जवळजवळ थांबलेले असेल. शिवाय सदऱ्यांच्या बाह्या व चादरींची टोके ढवळणीच्या पायांभोवती गुंडाळून त्यांचा दोर वळला जाईल. पिपाच्या कडेच्या पट्ट्या पाण्याच्या या गरगरण्यास अडथळा करतात. तेवढ्याने मात्र भागत नाही. ढवळणी थोडी फिरून थांबली पाहिजे आणि उलट फिरली पाहिजे. उलटताना पाणी एका दिशेने जात असते व कपडा दुसऱ्या दिशेने ओढला जातो. त्याच क्षणी विणीतील पाणी सर्वाधिक बदलते.

ही उलटसुलट गती आपल्याकडील घरांत अपरिचित नाही. ताक घुसळण्याच्या रवीला दोरी गुंडाळून तिची दोन टोके आळीपाळीने ओढतात, तेव्हा रवी अशीच कधी सुलट तर कधी उलट फिरते. लोणी काढणारे यंत्र व कपडे धुणारे यंत्र यांचे हे नाते केवळ कल्पनेतील नाही. जर्मनीतील हेर्त्सेब्रोक या गावी कार्ल मीले व राइनहार्ड त्सिंकान यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या कारखान्यात प्रथम दुधातील साय वेगळी करणारी यंत्रे होत. मग तेथे लोणी काढण्याची लाकडी यंत्रे होऊ लागली, आणि त्यांच्याच धर्तीवर १९०१ च्या सुमारास लाकडी पिपाची धुलाईयंत्रे बनू लागली.

आता खरा यांत्रिक प्रश्न येतो. दांडा हातानेच उलटसुलट फिरविला तर प्रत्येक वळशाच्या अखेरीस हाताला दुहेरी श्रम पडतात: फिरत्या कपड्यांचा वेग अडवावयाचा आणि लगेच त्यांना विरुद्ध दिशेने लोटावयाचे. मनुष्याच्या हातास त्यापेक्षा एखादी मूठ एकाच दिशेने गोल फिरविणे सोपे जाते. जात्याचा खुंटा फिरविणाऱ्यास हे सांगावयास नको. तेव्हा हाताने एकाच दिशेने फिरवावे आणि ढवळणी मात्र आपोआप उलटसुलट फिरावी, अशी योजना हवी होती.

या योजनेचा सर्वांत सुबक प्रकार पुढीलप्रमाणे होता. मुठीने फिरणारे चाक उभे असते व त्याचा आस आडवा असतो. शंकूच्या आकाराची दोन दंतचक्रे ती गती एका उभ्या आसाकडे वळवितात. या आसावर एक लहान भुजा बसविलेली असून तिच्या टोकास दाते पाडलेली एक सरळ पट्टी, म्हणजे दंतपट्टी, खिळलेली असते. भुजा गोल फिरते तशी दंतपट्टी पुढेमागे सरकते. ढवळणीच्या दांड्यावर एक लहान दंतचक्र असते. दंतपट्टीचे दाते त्यात गुंतलेले असल्यामुळे पट्टी पुढे जाताना ढवळणी एका दिशेने व मागे येताना दुसऱ्या दिशेने फिरते. समजा, भुजेची लांबी ५ सेंटिमीटर आहे; मग दंतपट्टी १० सेंटिमीटर सरकेल. लहान दंतचक्राचा परीघ साडेबारा सेंटिमीटर असल्यास ढवळणी प्रत्येक वेळी एका फेऱ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग फिरेल. भुजा लांब केली तर वळसा वाढतो, दंतचक्र मोठे केले तर तो घटतो. रचनाकार या दोन मापांवरच वळसा ठरवीत.

या रचनेचा एक गुण सहज ध्यानात येत नाही. भुजा आपल्या फेऱ्याच्या दोन टोकांशी येते तेव्हा दंतपट्टीचा वेग हळूहळू शून्य होतो आणि हळूहळूच उलट दिशेने वाढतो. ढवळणी त्यामुळे हिसका न देता वळते. गती उलटविण्याची दुसरीही एक युक्ती यंत्रशास्त्रात आहे. अर्ध्याच परिघावर दाते असलेले एक चक्र घ्यावे व ते एकाच आसावरील समोरासमोरच्या दोन दंतचक्रांत आळीपाळीने गुंतू द्यावे. कागदावर ही युक्ती मोठी चतुर दिसते. परंतु तीत दिशा क्षणार्धात पालटत असल्याने प्रत्येक पालटास दात्यांवर आघात होतो, आणि ओल्या कपड्यांनी भरलेल्या पिपाचा भार असताना ओतीव लोखंडाचे दाते असा आघात फार काळ सोसत नाहीत. घरगुती यंत्राच्या दृष्टीने दंतपट्टीच बरी.

मुठीचे चाक मुद्दाम जड, व तेही कडेला जड, केलेले असे. त्यास जडचक्र म्हणावे. ढवळणी कपड्यांतून ओढली जात असताना भार अधिक असतो, आणि वळण्याच्या क्षणी तो कमी होतो. जडचक्र कमी भाराच्या वेळी ऊर्जा साठविते आणि अधिक भाराच्या वेळी ती परत करते. हाताला मात्र जवळजवळ सारखाच जोर लावावा लागतो. फिरत्या चाकातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर साठा चौपट होतो. म्हणून चाक वेगाने फिरावे व ढवळणी सावकाश, अशी दंतचक्रांची प्रमाणे ठेवणे लाभदायक ठरे. जडचक्र श्रम नाहीसे करते असा समज मात्र चुकीचा आहे. एकंदर कार्य तेवढेच राहते. ते केवळ सर्व वेळेवर सारखे वाटले जाते. अमेरिकेतील काही यंत्रांत हेच साधण्यासाठी पोलादी स्प्रिंगा वापरल्या होत्या: वळशाच्या अखेरीस स्प्रिंग दाबली जाई आणि उलट फिरताना ती हातास मदत करी.

काही बारकाव्यांवरून रचनाकाराची दृष्टी विशेष कळून येते. पिपात कधी चार कपडे असतात तर कधी चौदा. ढवळणी एकाच उंचीवर पक्की असेल तर एकदा ती पाण्यातच फिरेल आणि एकदा कपडे चिरडील. यासाठी तिचा दांडा चौकोनी करून तो दंतचक्राच्या चौकोनी भोकातून वरखाली सरकेल असे करीत. दांडा दंतचक्राबरोबर फिरतो, पण आपल्या भाराने कपड्यांच्या राशीवर टेकूनही राहतो. कपड्यांना लागणारे भाग लाकडी ठेवण्याचेही कारण आहे: लोखंडाचा गंज पांढऱ्या कापडावर डाग पाडतो, व तो साबणाने जात नाही. झाकणावरील दंतचक्रांचे वंगण दांड्यावरून ओघळून धुण्यात पडणार नाही, हेही पाहावे लागे.

ढवळणीपेक्षा वेगळी वाटही काहींनी चोखाळली. इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर यांनी १७८२ मध्ये फिरत्या पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत जेम्स किंग यांनी १८५१ मध्ये व हॅमिल्टन स्मिथ यांनी १८५८ मध्ये त्या जातीच्या यंत्रांची पेटंटे घेतली. त्यांत कपडे पिंपाबरोबर वर जातात आणि स्वतःच्या भाराने खाली पडतात. आपटण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते.

धुतलेले कपडे पिळण्याचे यंत्र हा स्वतंत्र विषय आहे, तरी तो पुरता वगळता येत नाही, कारण ते पुढे पिपाच्या कडेवरच बसविले जाऊ लागले. हाताने पीळ घातला तर तंतू ताणले जातात व जाड कापडाच्या गाभ्यातील पाणी निघत नाही. दोन रुळांमधून कपडा ओढला तर पाणी पुढे न जाता मागेच निथळते. न्यू ब्रन्सविक प्रांतातील जॉन टर्नबुल यांनी १८४३ मध्ये असे रूळ धुलाईयंत्रास जोडले. नुसत्या लाकडी रुळांत गुंड्या फुटत आणि जाड शिवणीशेजारचा भाग कोरा सुटे. गंधक मिसळून टिकाऊ केलेल्या रबराचे पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले. रुळांवर असे रबर चढविल्यावर हे दोन्ही दोष पुष्कळ कमी झाले.

अमेरिकेतील आयोवा राज्यात न्यूटन या गावी मेटॅग कंपनीने १९०७ मध्ये हाताने चालणारे जे यंत्र विक्रीस आणले, त्याचे नाव ‘पास्टाइम’, म्हणजे ‘करमणूक’, असे होते. हे नाव यंत्र फिरविणाऱ्या स्त्रीने दिलेले नसावे. नळ नसलेल्या घरात एका धुण्याला भिजविणे, उकळणे व खळबळणे मिळून सुमारे ५० अमेरिकी गॅलन, म्हणजे १९० लिटरच्या आसपास, पाणी लागे. हे जवळजवळ १९० किलोग्रॅम वजन विहिरीवरून वा पंपावरून बादल्यांनी आणावयाचे, चुलीवर तापवावयाचे, पिपात ओतावयाचे आणि मळके झाल्यावर पुन्हा बाहेर न्यावयाचे. दंतपट्टी कितीही सुबक असली तरी या वजनातील एक बादलीही ती उचलू शकत नव्हती. धुण्याच्या दिवसातील चोळण्याचा भाग यंत्राने हलका केला. पाणी वाहण्याचा भाग नळ येईपर्यंत तसाच राहिला.

विद्युत्‌चलित्र आले तेव्हा प्रारंभी यंत्राची रचना फारशी पालटली नाही. जडचक्राच्या जागी पट्ट्याचे चाक बसवून तो पट्टा चलित्रास जोडला की लाकडी पीप, झाकण आणि ढवळणी पूर्वीप्रमाणेच काम करीत. मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये ढवळणी झाकणावरून काढून पिपाच्या तळाशी बसविली. तिला पायांऐवजी पाते दिले, आणि कपडे ओढण्याऐवजी मुख्यतः पाणीच ढकलावयाचे ठरविले. पातेही उलटसुलटच फिरत होते. आजच्या अनेक यंत्रांत दंतपट्टी नाही व भुजाही नाही. चलित्रच थोडा वेळ एका दिशेने फिरते, थांबते आणि मग दुसऱ्या दिशेने फिरू लागते.